फुंकरस्वामींचा निळा पेला

खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. रोपांच्या ट्रेवर टांगलेल्या जांभळ्या दिव्यांच्या उजेडात अख्ख्या बिल्डिंगमधली माणसं वांग्यांसारखी दिसत होती, आणि त्या वांग्यांच्या मधोमध, स्टुलावर मांडी ठोकून, फुंकरस्वामी बसले होते.

"पाणी खोटं बोलत नाही," स्वामी म्हणाले. "माणूस बोलतो. वकील बोलतो. हवामानखातं तर रोज बोलतं. पाणी नाही!"

"वा!" सेक्रेटरी म्हणाले. त्यांना हवामानखात्याचं विशेष पटलं.

लांबुडक्या शिष्याने सुरई पुढे केली. स्वामींनी तिच्यातलं पाणी काचेच्या पेल्यात ओतलं. पाणी निळं निघालं, शाईच्या दौतीसारखं.

"सुरई या खोलीत रात्रभर ठेवली होती. सगळी विषारी स्पंदनं शोषून घेतली तिने. बघा रंग! आता बघा प्राण!"

त्यांनी चांदीची नळी पेल्यात बुडवली, गाल फुगवले आणि फुंकायला लागले. पाणी गुळगुळलं. निळ्याचं हिरवट झालं, हिरवटाचं पिवळं. धम्मक पिवळं! कुणी हात जोडले, कुणी तोंडाचा आ केला, आणि जिन्याशेजारच्या काकूंनी दोन्ही एकदम केलं.

"पाणी मी शुद्ध केलं," स्वामी नळी पुसत म्हणाले. "पण ज्या हाताने रोज ही रोपं मरताहेत, तो हात मी कसा शुद्ध करू?"

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. तिथे घरची सून, धाकटी, उभी होती. हात ओले, नखांत शेवाळ, आणि चेहरा ट्रेमधल्या रोपांसारखाच उतरलेला.

ही खोली पूर्वी अडगळीची होती. मोडक्या खुर्च्या काढून धाकटीने इथे मातीशिवाय, नुसत्या पाण्यावर लेट्यूसची रोपं वाढवायला सुरुवात केली. चुकत शिकली, शिकत चुकली, आणि आता कुठे दोन हॉटेलवाले तिची रोपं मागून घ्यायला लागले होते. तेवढ्यात रोपं माना टाकायला लागली. नवरा जहाजावर नोकरीला. फोनवर "तुम्ही घरचे ठरवा" एवढं बोलण्यापुरतीच त्याला रेंज यायची. मग सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, ठरवलं आणि स्वामींना बोलावून आणलं.

"रविवारी निवाडा," स्वामी म्हणाले. "या मुलीने खोलीची किल्ली माझ्या शिष्याकडे द्यावी. तो इथे प्राणवाटिका चालवेल. आणि हिने हिरव्या पानाला पुन्हा हात लावू नये. पोळ्या लाटायला हरकत नाही."

गर्दीच्या मागून कुणीतरी फिसकन हसलं. स्वामींनी रागाने पाहिलं. अण्णांनी पाहिलं नाही. ते हसू कुणाचं ते त्यांना पाठ होतं.

ती त्यांची थोरली लेक. धाकटीची नणंद. दातांची डॉक्टर, दवाखाना तळमजल्यावर. बिल्डिंग तिला चिमटाबाई म्हणायची, पण तिच्या मागे. एकदा तिने सेक्रेटरींच्या टपालपेटीत किल्ली दिली की कडकडणारे खेळण्यातले दात ठेवले होते. तेव्हापासून ते पत्रं छत्रीच्या टोकाने काढायचे.

गर्दी पांगल्यावर धाकटी ट्रेपाशी बसली. "ताई, खरं सांगा. माझ्या हातात काही असेल का हो?"

"आहे की. शेवाळ. साबण लाव."

"चेष्टा नको ना."

"बरं, नाही करत. दे ते रोप इकडे."

चिमटाबाईने, ज्यात ते रुजलं होतं त्या स्पंजासकट, एक रोप उपसलं. पानं फिकट, लुळी. खालची मुळं पांढरीशुभ्र हवीत, ती चहात बुडवलेल्या दोऱ्यासारखी तपकिरी आणि बुळबुळीत होती. तिने ती नाकाशी नेली.

"ई! ताई!"

"अगं, ओळखीचा वास आहे. ब्रशशी भांडण असलेले पेशंट येतात ना, त्यांच्या हिरड्यांचा. कुजलंय हे. मुळांना श्वास लागतो की नाही?"

"लागतो ना. म्हणून तर पंप आहे. टाकीत सारखे हवेचे बुडबुडे सोडतो. आणि तो बंद नसतो हं! सकाळी बघते, संध्याकाळी आल्यावर बघते, सुरूच असतो."

"आणि दुपारी?"

"दुपारी मी रोपं पोचवायला जाते."

"हं. स्वामी पहिल्यांदा आले तेव्हा रोपं सुधारली होती म्हणे?"

"तेच तर कोडं आहे! आठवडाभर रोज दुपारी इथे बसून फुंकत होते, अण्णा शेजारी हात जोडून. तेव्हा लावलेली रोपं मस्त तरारली. स्वामी गेले आणि पुढची सगळी आडवी. मग मलाही वाटायला लागलं..." तिने वाक्य अर्धवट सोडलं आणि रोजच्या सवयीने टाकीतलं थोडं पाणी एका चिमुकल्या बाटलीत घेतलं. त्यात दुसऱ्या बाटलीतून थेंब टाकले. पाणी पिवळं झालं.

चिमटाबाई ताडकन उठली. "हे काय केलंस?"

"तपासलं. पिवळं म्हणजे किंचित आंबट. रोपांना तसंच लागतं. आपल्या नळाचं पाणी निळं येतं, मग मी त्यात आंबट औषध घालते."

"नळाचं निळं येतं?"

"हो. का?"

चिमटाबाईच्या डोळ्यांत एक चमक आली. लहानपणी ही चमक दिसली की तिचा भाऊ पलंगाखाली शिरायचा. तिने पेलाभर नळाचं पाणी घेतलं, थेंब टाकले, सरबताची नळी बुडवली आणि फुंकत सुटली. थोड्या वेळाने पेला पिवळाधम्मक.

"ताई!" धाकटी ओरडली. "तुम्ही पण स्वामी?"

"पाया पड," चिमटाबाई धापा टाकत म्हणाली. "आणि उद्या दुपारी ही खोली मला दे. तू नेहमीसारखी जा."

दुसऱ्या दिवशी दवाखान्याला जेवणाची सुट्टी झाल्याबरोबर चिमटाबाई रॅकच्या मागे पालथ्या बादलीवर जाऊन बसली. हातात बिस्किटांचा पुडा. दिवे तापलेले, पाणी कोमट, कोपऱ्यात पंप घुर्र घुर्र करतोय. तिचं चौथं बिस्कीट चालू असताना दार हळूच उघडलं.

अण्णा! बनियन, चुरगळलेली लुंगी, गालावर उशीचा वळ. साखरेच्या डब्याकडे निघालेल्या पोरासारखे चवड्यांवर चालत ते पंपाच्या बटणाशी गेले. हात उचलला.

"अण्णाऽऽऽ..." ट्रेमधून बारीक आवाज आला.

हात हवेतच राहिला. "क... कोण?"

"आम्ही लेट्यूऽऽस."

अण्णांची लुंगी सुटता सुटता राहिली.

"रोज दुपारी आमचा गळा का दाबता, अण्णाऽऽ?"

"न... नाही हो! गळा कुठे? तो तुमचा पंप! माझ्या पलंगामागेच ही भिंत आहे. हल्ली त्याची घरघर थेट उशीत येते. म्हणून जरा झोपेपुरता बंद करतो. उठलो की लगेच चालू! म्हणजे... कधी फिरायला जाऊन आल्यावर. पण सूनबाई यायच्या आत, अगदी नक्की!"

याच वेळी लेट्यूसला जोराचा ठसका लागला. बिस्किटाचे तुकडे ट्रेवर उडाले.

अण्णांनी ते पाहिले. मग रॅकमागे वाकून पाहिलं. "कार्टे!"

"अण्णा, पाणी... पाणी द्या आधी."

पाणी पिऊन झालं, डोळे पुसून झाले. अण्णांनी आधी पोटभर शिव्या दिल्या. मग ते पालथ्या बादलीवर बसले आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"पण थोडा वेळ पंप बंद राहिला तर एवढं होतं?"

"दुपारची वेळ, पाणी तापलेलं. तापलेल्या पाण्यात आधीच हवा कमी, वर तुम्ही बुडबुडे बंद करता. तुम्ही टबात तोंड घालून दुपारची झोप काढाल का?"

"मग स्वामींच्या वेळी कशी वाढली?"

"त्या दुपारी तुम्ही झोपलात कुठे? त्यांच्या शेजारी हात जोडून बसला होतात."

अण्णांनी ट्रेमधलं एक लुळं पान बोटाने उचलून पाहिलं. "ते सगळ्यांसमोर तिचा हात विषारी म्हणाले. मी मान डोलावली."

"बघितलं मी."

"देवाशपथ, पंपाचं डोक्यातच आलं नाही गं."

"नसेल आलं. आता आलंय. पाण्याची मजा मी दाखवते रविवारी. पंपाचं मी बोलणार नाही, अण्णा. ते बोलायचं की नाही, तुमचं तुम्ही बघा."

रविवारी गर्दी दुप्पट. निळा पेला तयार, नळी तयार, शिष्य किल्लीसाठी हात चोळत उभा. धाकटीने किल्ली मुठीत इतकी आवळली होती की बोटं पांढरी पडली होती.

स्वामी गाल फुगवणार, एवढ्यात चिमटाबाई हात जोडून पुढे आली. चेहऱ्यावर अशी भक्ती, की तिला ओळखणारे दोन पावलं मागे सरकले.

"स्वामीजी, एक विनंती. आमचे सेक्रेटरीसाहेब फार पोचलेले आहेत. त्यांना एकदा फुंकू द्या ना."

"मी?" सेक्रेटरी लाजले आणि नकाराची वाट न बघता नळी घेऊन मोकळे झाले. स्वामी "अहो, अहो, तपश्चर्या लागते" म्हणेपर्यंत पेला पिवळा झाला होता.

"सेक्रेटरी?" एक तरुण म्हणाला. "जे दर उन्हाळ्यात लिफ्ट बंद ठेवतात ते?"

"तपश्चर्याच आहे ती," चिमटाबाई म्हणाली. "आपली."

मग तिने पिशवीतून निळ्या पाण्याचे पेले काढले, नळ्या वाटल्या, आणि खोलीत गुळगुळ माजली. काकूंचा पेला पिवळा. काकूंची जन्माची वैरीण असलेल्या शेजारणीचाही पिवळा. त्यामुळे काकूंचा अध्यात्मावरचा विश्वास पहिल्यांदा डळमळला. शेवटी चिमटाबाईने दवाखान्यातला हवा मारायचा रबरी फुगा आणला आणि एका पेल्यात तो दाबत राहिली. फुस्स, फुस्स. पाणी निळंच.

"फुग्याकडे प्राण नाही!" स्वामी पटकन म्हणाले.

"फुग्याकडे फुप्फुसं नाहीत," चिमटाबाई म्हणाली. "आपण श्वास सोडतो त्यात एक वायू असतो. सोड्याच्या बाटलीत असतो तोच. तो पाण्यात विरघळला की पाणी किंचित आंबट होतं. आणि आंबट पाण्यात या थेंबांचा रंग बदलतो. ही बघा बाटली. धाकटीच्याच कपाटातली आहे. स्वामीजींच्या सुरईत नळाचं पाणी आणि असलेच थेंब, दुसरं काही नाही. आता गंमत बघा, हे टाकीतलं पाणी, ज्यात तो विषारी हात रोज बुडतो."

तिने थेंब टाकले. न फुंकताच पाणी पिवळं.

"म्हणजे तुमच्याच हिशेबाने, स्वामीजी, हिचं पाणी शुद्धच होतं की!"

हशा उसळला. शिष्याने सुरई काखेत मारली. पण स्वामी मुरलेले गडी. ते स्टुलावर उभे राहिले.

"हसा! रंगाचं उत्तर दिलंत, बाई. पण रोपं मेली त्याचं काय? रंगाने तर मेली नाहीत! सांगा, कुणाच्या हाताने मेली?"

हसू विरलं. माना पुन्हा धाकटीकडे वळायला लागल्या. चिमटाबाईच्या ओठावर उत्तर होतं. तिने ते गिळलं आणि छताकडे बघत उभी राहिली.

"माझ्या," अण्णा म्हणाले.

ते भिंतीशी बसले होते. गुडघ्यावर हात देऊन उठले. "माझ्या हाताने मेली. मी दुपारी झोपेसाठी पंप बंद करायचो. मुळं गुदमरली. सूनबाईला माहीत नव्हतं." मग ते धाकटीकडे वळले. लोकांकडे पाठ करून. "तुझ्या हाताला नावं ठेवली तेव्हा मी मान डोलावली, पोरी. एकदा तरी विचारायला हवं होतं, पंप बंद केला की रोपांचं काय होतं ते. स्वतःलाच."

धाकटी रडेल असं काकूंना वाटलं, त्यांनी रुमालही काढला. पण धाकटी म्हणाली, "अहो अण्णा, झोप मोडत होती तर बोलायचं ना! पंपाखाली स्पंज ठेवला असता." आणि तिने कात्रीने स्पंजाचा जाड तुकडा कापला, पंपाखाली सरकवला. घरघर बसली. नुसते बुडबुडे ऐकू यायला लागले.

गर्दी पंपाभोवती जमली, आणि स्टुलावरच्या स्वामींकडे बघायला कुणी उरलं नाही. ते खाली उतरले, सगळ्यांना "तुमची स्पंदनंच खराब आहेत" असं सांगून बाहेर पडले. सेक्रेटरी त्यांना विचारत जिन्यापर्यंत गेले, "पण माझा पेला जरा जास्त पिवळा झाला होता की नाही?"

चिमटाबाई मात्र तेवढ्यावर सोडणारी नव्हती. तिने दारात आडवं उभं राहून सगळ्यांना थांबवलं.

"एक ऐका आणि मग जा. नळी सगळ्यांच्या समोर होती, पण 'मी फुंकून बघतो' असं त्या दिवशी एकानेही म्हटलं नाही. एका बाईचा हात विषारी ठरवायला तुम्हाला एक पेला पुरला. रोप सुकलं तर उपटा, मूळ बघा, वास घ्या, पाणी तपासा, काय बदललं ते विचारा. एवढं सगळं करून उत्तर नाही सापडलं, तर 'माहीत नाही' म्हणा. लाज वाटायचं कारण नाही. पण माणसाला पकडू नका. समजलं?"

"समजलं," वांगी एका सुरात म्हणाली.

त्या दुपारी टाकी रिकामी करून घासायचं काम अण्णांनी मागून घेतलं. कोपरापर्यंत बाह्या सारून ते बुळबुळीत तळ खरवडत होते, आणि धाकटी नव्या स्पंजांत एकेक बी ठेवत होती. मध्येच तिने बियांची वाटी त्यांच्यापुढे धरली.

"हात पुसा आणि ही ओळ तुम्ही लावा."

अण्णा हात पुसत राहिले. बराच वेळ पुसत राहिले. मग त्यांनी एक बी चिमटीत उचललं.