निजली

निरोपाच्या प्रार्थनेला आमच्या चर्चची अख्खी मंडळी अशी रडली की मला वाटलं, आपण विमानातून उतरलो की लोक धावतच येतील. म्हणतील, बरं झालं बाई आलात, आमचं अडलं होतं. इथे कुणाचं काही अडलं नव्हतं. आम्ही दार वाजवतो, बाई दार उघडते, आम्हाला वरपासून खालपर्यंत बघते आणि दार लावून घेते. काही जण आधी हसतात, मग लावतात. मला तर न हसणारे बरे वाटतात.

मी दहावी अर्ध्यात सोडलेली. गणिताच्या सरांशी वाजलं, मग हेडबाईंशी वाजलं, मग घरी वाजलं. घरात बसून मी भांडी आपटायचे आणि आई मला बोलायची. शेवटी तिनं मला पाळकसाहेबांसमोर नेऊन उभं केलं. ते म्हणाले, "हिच्या तोंडाचा प्रभूला उपयोग होईल." बाबा म्हणाले, "होऊ दे. आम्हाला तर झाला नाही." अठरा पूर्ण झाल्याबरोबर परदेशात प्रभूचं सांगत फिरायला माझी बॅग भरली.

आम्ही टायरच्या दुकानावरच्या खोलीत राहतो. मी आणि ताई. ताई सख्खी नाही, दुसऱ्या मंडळीतली, माझ्यापेक्षा बरीच मोठी. तिला इथली भाषा छान येते. राग मात्र अजिबात येत नाही, आणि त्याचाच मला राग येतो. दोन खाटा, एक शेगडी, बेसिनवर कपडे वाळत घालायची दोरी. ब्लँकेटलासुद्धा रबराचा वास. सकाळी उठून प्रार्थना, मग बादलीत कपडे, मग भाषेच्या बाईंकडे शिकवणी, मग दारं. दुपारी सरकारी दवाखान्यात बायकांचा वॉर्ड.

वॉर्डात आम्हाला शिरू दिलं ते एका अटीवर. तिथल्या सिस्टरनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "हात चालवायचे, तोंड नाही. इथे देवाचं नाव काढलंत तर बाहेर." हे बोलताना ती माझ्याकडेच बघत होती. ताई उभी होती की शेजारी, पण नाही, माझ्याकडेच. मग आम्ही केस विंचरतो, पाणी भरतो, ज्यांना हात उचलत नाही त्यांना भरवतो. खरं सांगू का, दारं वाजवण्यापेक्षा मला हे काम आवडतं. इथे निदान कुणी दार लावत नाही.

खिडकीजवळच्या खाटेवर एक आजी होत्या. त्यांच्या छातीत दुखायचं, रात्र रात्र झोप नाही. आजोबा दिवसभर उशाशी. आजोबांनी जन्मभर बंदरावर क्रेन चालवली, त्यात कान गेले, त्यामुळे अजूनही ते क्रेनमधून खाली ओरडल्यासारखेच बोलतात. त्यांनी सकाळी काय खाल्लं आणि ते पोटात कसं बसलं, हे अख्ख्या वॉर्डाला माहीत. सिस्टर दिवसातून शंभरदा "शू" करायची. एकदा आजोबा मला म्हणाले, "तू सारखी चिडलेली असतेस. बरं वाटतं. ती दुसरी सारखी हसते, मला वाटतं माझ्या बायकोबद्दल हिला काहीतरी कळलंय."

त्या दुपारी आजोबा खाली चहा आणायला गेले होते. मी आजींची वेणी घालत होते. वेणी अर्धी झाली आणि आजी गेल्या. आवाज नाही, काही नाही. मान माझ्या हातात जड झाली, एवढंच. सिस्टर आली, डॉक्टर आले, त्यांनी डोळे मिटवले, चादर गळ्यापर्यंत घेतली. सिस्टर म्हणाली, "ट्रॉली मागवलीय. नवऱ्याला तुम्ही सांगा." तेवढ्यात पलीकडून कुणीतरी किंचाळलं आणि ती तिकडे पळाली.

मी ताईकडे बघितलं. ताईचा चेहरा पार उतरला होता. लहान पोरीसारखी मुसमुसत होती. आणि ट्रॉलीवाले कसे असतात ते मी पाहिलं होतं. ते काही सांगत नाहीत. सरळ येतात, चादर तोंडावर ओढतात आणि खाट रिकामी करतात. आजोबांना ते तसं कळायला नको होतं. म्हणजे मलाच सांगायचं होतं, ट्रॉलीच्या आधी.

आजोबा दोन्ही हातांत कप घेऊन आले. मी पुढे झाले.

आता आमच्या घरात कुणी मरत नाही. मरतात ते इतर. आमची आजी गेली तेव्हा कार्डावर छापलं होतं, "प्रभूत निजल्या." काका गेला, तोही प्रभूत निजला. मी तेच शब्दाला शब्द जोडून त्यांच्या भाषेत केलं. त्यातून सिस्टरनं देवाचं नाव काढायचं नाही म्हणून सांगितलेलं, म्हणून 'प्रभूत' तेवढं गाळलं.

"आजोबा," मी म्हटलं, "आजी निजल्या."

आजोबांचा चेहरा एकदम उजळला.

"निजली?" ते म्हणाले. कुजबुजत. हा माणूस कुजबुजू शकतो हे मला माहीत नव्हतं. "खरंच? किती दिवसांनी!" त्यांनी कप स्टुलावर ठेवले, जराही आवाज न करता. बूट काढून खाटेखाली सरकवले. शेजारच्या खाटेवरची मुलगी फोनवर बोलत होती, तिला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. मग खुर्चीवर बसले आणि आजींकडे बघत राहिले.

ताईनं माझी बाही ओढली. "अगं बये, काय सांगितलंस त्यांना?"

"निजल्या म्हणून."

"यांच्यात निजली म्हणजे निजलीच होतं!"

"मग तू सांग ना! भाषा तुला येते. उभी काय राहिलीस रडत?"

"नाही गं जमणार मला," ताई म्हणाली, आणि पुन्हा सुरू.

बाहेर ट्रॉलीचं चाक वाजलं. दोघं दारात आले. आजोबा उठले, मोज्यांवरच पुढे गेले आणि हात आडवा धरून म्हणाले, "शू. झोपलीय. नंतर या." ट्रॉलीवाल्यांनी एकमेकांकडे बघितलं. एकानं तोंड उघडलं. मी ओरडले, "गप्प बस मेल्या!" मराठीतच. पण त्याला कळलं. तो गप्प बसला.

मी आजोबांना खुर्चीपाशी आणलं. आता खरा शब्द हवा होता आणि तो डोक्यात येईना. भाषेच्या बाईंनी भाजी घ्यायची कशी, पत्ता विचारायचा कसा, सगळं शिकवलं. मरणं एकाच वाक्यात शिकवलं, येशूच्या मरणाच्या आणि पुन्हा उठण्याच्या. ते मी पाढ्यासारखं घोकलेलं. आणि मला पाढा मधूनच येत नाही. आठ साते विचारलं की मी आठ एकेपासून सुरू करते. तसं मी वाक्य मनात पहिल्यापासून म्हणायला लागले. 'तो आमच्यासाठी दुःख भोगून...' आजोबा मी काय पुटपुटतेय म्हणून वाकले, कान माझ्या तोंडापाशी आणला. आणि शब्द आला.

"मेली," मी म्हटलं. "आजी मेली." पण पाढा सुरू झाला की थांबत नाही. "पुरली गेली, तिसऱ्या दिवशी..."

मी जीभ चावली.

आजोबांनी कान हलवला नाही. तसेच वाकलेले. मग विचारलं, "तिसऱ्या दिवशी काय?"

मागे ताईचं मुसमुसणं थांबलं. हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून तर आम्ही समुद्र ओलांडून आलो. इतके महिने झाले, एकानं विचारला नव्हता. पाळकसाहेब असते तर खुर्चीतून उठले असते. आणि मला सांगता आलं असतं. उठणार, सगळे उठणार, शेवटच्या दिवशी. माझा विश्वास आहे त्यावर, उगाच नाही आले मी. पण हा माणूस आत्ताच एकदा माझ्यामुळे आनंदला होता. परत आनंदला असता आणि तिसऱ्या दिवसाची वाट बघत बसला असता.

"तिसऱ्या दिवशी नाही," मी म्हटलं. "तिसऱ्या दिवशी आजी नाही उठणार. मी आधी चुकीचं बोलले, आजोबा. निजली नाही. मेली."

ते सरळ झाले. आजींकडे बघितलं. अर्ध्या वेणीकडे. मग माझ्याकडे.

"मग हळू कशाला बोलतेस?"

क्रेनमधला आवाज. खिडकीची काच थरथरली. "कशाला सगळे हळू बोलताय?" असं ओरडून त्यांनी आजींना हाक मारली. नाव नव्हतं ते, घरात आपापसात हाक मारतात तसलं काहीतरी होतं. एकदा मारली. मग पुन्हा. सिस्टर पळत आली, पण तिनं 'शू' केलं नाही. दारातच थांबली.

मग ते खुर्चीवर बसले. "परत सांग," म्हणाले. "ते पहिलं नको. दुसरं."

मी परत सांगितलं. मोठ्यानं, अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं. त्यांनी मान हलवली. ताई जवळ येऊन हळूच म्हणाली, "प्रार्थना करू या का?"

"थांब जरा," मी म्हटलं. "वेणी पुरी करू दे मला."

ट्रॉलीवाले भिंतीला टेकून उभे राहिले.