खालची कवळी कोणाकडे?

वहिनींच्या गळ्यात एक शिट्टी असायची, आणि त्या शिट्टीशिवाय कवळ्यांच्या कारखान्यात पान हलत नसे.

कारखाना म्हणजे तरी काय, एक लांबट खोली. खिडकीकडे तोंड करून चार टेबलं, त्यांवर चार कॉम्प्युटर, मागच्या भिंतीला कवळ्या छापणारी तीन यंत्रं आणि दाराशी एक उंच स्टूल. आसपासचे दातांचे डॉक्टर आपापल्या पेशंटच्या तोंडाचं स्कॅन पाठवायचे. इथे पडद्यावर त्या रिकाम्या हिरड्यांवर एकेक दात बसवला जायचा आणि मग यंत्रातून अख्खी कवळी बाहेर पडायची. सगळी तोंडं राहायची एकाच सर्व्हरमध्ये. तो जिन्याखालच्या कपाटात घरघरत असे आणि त्याला सगळे म्हातारबा म्हणत. म्हातारबाचा स्वभाव असा, की दोघांनी एकदम जबडा उघडला की तो स्वतःचं तोंड मिटून घ्यायचा. मग सगळ्यांचं काम ठप्प आणि आरडाओरडा सुरू.

म्हणून शिट्टी. एक वाजली की उघडा, दोन वाजल्या की मिटा. शिट्टीपाठोपाठ स्टुलावरून वहिनींची आरोळी यायची, "वरची मामांकडे! खालची ताईंकडे!" मामा म्हणजे साहेबांचे सख्खे मामा, कारखान्यातले सगळ्यात जुने कारागीर. ताई म्हणजे साहेबांची धाकटी बहीण, वहिनींची नणंद. आणि साहेब म्हणजे वहिनींचा नवरा. त्यांना साहेब म्हणायचं कारण एवढंच, की दारावरच्या पाटीला कोणीतरी मालक लागतो. मामांसाठी वहिनी म्हणजे सूनबाई. बाकी ताई, डॉक्टर, कुरिअरवाले, समोरचा चहावाला, सगळ्यांची वहिनी. नवरा तेवढा "अगं ए" वर भागवायचा.

आता गंमत अशी, की वहिनींना दुसऱ्यांना तोंडं वाटून द्यायची नव्हती. त्यांना स्वतः कवळी करायची होती. लोकांच्या पाठीमागे उभं राहून त्या सगळं शिकल्या होत्या. जेवणाच्या सुट्टीत म्हातारबा मोकळा असला की त्या चौथ्या टेबलावरचे खोके बाजूला सारायच्या आणि एखादा जुना जबडा उघडायच्या. पण तो उघडता उघडताच निम्मी सुट्टी संपायची. समोरचे चार दात बसतात न बसतात तोच मामा हात पुसत यायचे, "सूनबाई, माझा नंबर." इतक्या वर्षांत वहिनींच्या हातून एकही कवळी पुरी झाली नव्हती. ही सल त्यांना जेवताना, कपडे वाळत घालताना, केव्हाही टोचायची.

नवा सर्व्हर आणायचा हट्ट म्हणूनच त्यांचा. साहेबांनी बरेच दिवस "बघू" म्हणून पाहिलं, पण बायकोसमोर त्या "बघू"चा टिकाव लागला नाही. शेवटी सर्व्हरवाली आली. आखूड केसांची, भराभर बोलणारी, खिशात चार स्क्रू ड्रायव्हर असलेली बाई. म्हातारबाला तिने मोडीत काढलं नाही, जुनी तोंडं त्याच्याकडेच ठेवली. त्याच्या डोक्यावरच्या फळीत तिने नवा चकचकीत सर्व्हर बसवला, सगळ्या टेबलांपर्यंत जाड निळ्या वायरी ओढल्या आणि विचारलं, "एकाने उघडलेली फाइल दुसऱ्याला उघडू द्यायची, की कुलूप ठेवू? उघडू दिली तर ज्याची त्याची वेगळी प्रत निघेल."

"उघडू द्याऽऽ!" सगळे एका सुरात ओरडले. त्यात सगळ्यात मोठा आवाज वहिनींचा.

"आमच्याकडे कुलूप हा शब्द काढू नका हो," मामा म्हणाले. "उभा जन्म रांगेत गेलाय आमचा."

त्या संध्याकाळी साहेबांनी बायकोला वचन दिलं. "उद्या दिवसभर शिट्टी न वाजता काम नीट झालं, तर परवापासून चौथी खुर्ची तुझी."

"आणि वाजली तर?"

"तर स्टूल आहेच."

सकाळी वहिनींनी शिट्टी ड्रॉवरमध्ये टाकली आणि खोलीच्या अंगात जणू वारं शिरलं. मामांनी एक जबडा उघडला. उघडला! डोळ्याचं पातं लवायच्या आत! त्यांनी तो मिटला आणि केवळ मजा म्हणून पुन्हा उघडला. ताईंनी एकदम पाच तोंडं उघडून ठेवली आणि लहान मुलीसारख्या टाळ्या पिटल्या. साहेब खुर्चीसकट गोल फिरले. एरवी जबडा उघडेपर्यंत चहा व्हायचा, गप्पा व्हायच्या, एखादं भांडणही मिटायचं. आज कोणी कोणाशी बोलेना. नुसती टकटक. स्टुलावर बसलेल्या वहिनींना मनातल्या मनात उकळ्या फुटत होत्या. चौथी खुर्ची त्यांना जवळजवळ हाक मारत होती. त्यांनी टेबलावरचे खोके उतरवले, खुर्चीची धूळ पुसली, तिच्यावर एकदा बसूनही पाहिलं आणि कोणी बघायच्या आत उठल्या.

त्या दिवशी सगळ्यात घाईचं काम होतं बँडवाल्या आजोबांचं. आजोबा क्लॅरिनेट वाजवायचे. परवा बागेतल्या कारंज्यापाशी त्यांना शिंक आली. पहिल्या शिंकेत वरची कवळी पाण्यात, दुसऱ्या शिंकेत खालची. माळ्याने कारंजं उपसलं, पण सापडल्या त्या दोन बाटल्या आणि एक बूट. आणि आज संध्याकाळी त्याच बागेत बँडचा कार्यक्रम! दातांशिवाय क्लॅरिनेट धरायचं कशात? आजोबा दुपारीच वाद्याची पेटी मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर येऊन बसले होते आणि बोळक्या तोंडाने सगळ्यांना आशीर्वाद देत होते.

उन्हं कलायला लागली तशी तिन्ही यंत्रं थांबली. मामा उठून पहिल्यापाशी गेले, ताई दुसऱ्यापाशी, साहेब तिसऱ्यापाशी. तिघांनी कवळ्या धुतल्या, दिव्याखाली टणक केल्या, घासूनपुसून चकाकवल्या आणि तीन बाजूंनी येऊन वहिनींच्या समोर धरल्या.

"आजोबांची," मामा म्हणाले.

"आजोबांची," ताई म्हणाल्या.

साहेबांनी नुसता आ वासला.

तीन कवळ्या होत्या. तिन्ही आजोबांच्या, आणि तिन्ही वरच्या.

"खालची कोणाकडे आहे?" वहिनींनी विचारलं.

 मामांनी ताईंकडे पाहिलं, ताईंनी साहेबांकडे, साहेबांनी छताकडे. तसं बघितलं तर यात नवल काहीच नव्हतं. कवळीच्या धंद्यात वरची सगळ्यांना हवी असते. हसू वरच्या दातांत दिसतं, कौतुक वरच्यांचं होतं. खालचे दात ओठामागे लपतात आणि जिभेचे धक्के खातात. आजवर खालची कवळी कोणी आपणहून घेतलीच नव्हती. ती वहिनींनी आरोळी देऊन गळ्यात मारलेली असायची. हे वहिनींच्याही आत्ता ध्यानात आलं आणि त्यांचं धाबं दणाणलं.

"मी करतो!" मामा खुर्चीकडे धावले.

"नको, मी!" ताई.

"थांबा, मीच!" साहेब.

आणि तिघांनी एकाच क्षणी खालचा जबडा उघडला. नवा सर्व्हर बिचारा भलताच मनमिळाऊ. त्याने तिघांनाही उघडून दिला. लगेच भांडण पेटलं. मामा म्हणाले, खालची माझ्या वरचीला जुळली पाहिजे, कारण आजोबा माझीच घेणार. ताई म्हणाल्या, मामा, तुमच्या कवळीत आजोबा घोड्यासारखे दिसतील. साहेब म्हणाले, मालक कोण आहे इथे? बाहेर आजोबांनी पेटी उघडून क्लॅरिनेट जोडायला घेतलं होतं. छापायलाच तासभर लागणार होता, आणि संध्याकाळ काही त्यांच्यासाठी थांबणार नव्हती.

वहिनींनी ड्रॉवरकडे पाहिलं, मग चौथ्या खुर्चीकडे. शिट्टी वाजवली तर खुर्ची गेली. नाही वाजवली तर आजोबांची संध्याकाळ गेली.  त्यांना अगदी थोबाडीत मारल्यासारखं वाटत होतं, कारण "उघडू द्या" असं सगळ्यांत मोठ्याने ओरडणाऱ्या त्याच होत्या.

त्यांनी ड्रॉवर ओढला, शिट्टी गळ्यात अडकवली आणि दोन शिट्ट्या मारल्या. अशा मारल्या, की समोरच्या चहावाल्याच्या हातातली किटली हिंदकळली.

तिघांनी आपापला जबडा मुकाट्याने मिटला. सवयच ती.

"कोणाची वरची बसवायची ते आजोबा ठरवतील," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही तिघंही आपापल्या कवळीची बाजू घेणार. खालची मी करते. मला कोणाचीच बाजू नाही."

"अगं, पण तू अजून एकही पुरी..." साहेब बोलायला लागले.

"आज होईल," वहिनी म्हणाल्या आणि चौथ्या खुर्चीवर बसल्या.

पाठीमागे काय चाललंय हे त्यांना नुसतं ऐकू येत होतं. आजोबांना आत बोलावलं होतं. त्यांनी साहेबांची कवळी चढवली, क्लॅरिनेट ओठाला लावलं आणि फुंकर मारली. "चुंईऽऽ." ताई खिदळल्या. मग ताईंची. आरशात पाहून आजोबा स्वतःवरच खूश झाले, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, पण वाजवायला गेले तर जीभ अडखळली. मग मामांची. पुन्हा साहेबांची, उगाच त्यांना वाईट वाटू नये म्हणून. "चुंईऽऽ." चपलांच्या दुकानात नसेल एवढी घालकाढ चालली होती. वहिनींना हसू आवरेना, हसताना हात हलेल म्हणून श्वास रोखून त्या एकेक दात ठेवत होत्या. समोरचे बसले. सुळे बसले. इथेच दर वेळी मामा हात पुसत यायचे. आज कोणी आलं नाही. पहिली दाढ बसली, दुसरी बसली, आणि मग ठेवायला दातच उरला नाही.

"मामांची पसंत!" पाठीमागे ताईंनी जाहीर केलं.

वहिनींनी मामांची वरची पडद्यावर आणली, दातावर दात मिटवून पाहिला, दोन दाढा किंचित घासल्या आणि यंत्र सुरू केलं. तासभर खोलीत कोणाचाच पाय ठरत नव्हता. कवळी निघाली तेव्हा वहिनींनी ती स्वतःच धुतली आणि दिव्याखाली टणक केली.

आजोबांनी ती घातली. तोंड मिटलं. पुन्हा उघडलं. जबडा इकडून तिकडे फिरवला. मग क्लॅरिनेट ओठात धरलं, आणि असा काही सूर निघाला, उंच, लखलखीत, गिरक्या घेत घेत, की चहावाला किटलीसकट दारात आला आणि रस्त्यावरची दोन माणसं त्याच्या मागे उभी राहिली. मामा टेबलावर ताल धरून मान डोलवू लागले. ताईंनी वहिनींचे दोन्ही हात धरून त्यांना गर्रकन फिरवलं. आजोबा वाजवत वाजवतच दारातून बाहेर पडले आणि बागेच्या दिशेने गेले. वळणापलीकडूनही त्यांचा सूर ऐकू येत होता.

मग वहिनींना आठवलं. त्यांनी पदराने डोळे टिपले, गळ्यातली शिट्टी सारखी केली आणि म्हणाल्या, "ठरलं ते ठरलं. शिट्टी वाजली." आणि स्टुलाकडे निघाल्या.

स्टुलावर साहेब बसले होते.

"उठा की. ही माझी जागा आहे."

"होती," साहेब म्हणाले. "माझी कवळी चुंई करते, सगळ्यांनी ऐकलंय. आण ती शिट्टी इकडे. मला वाटायचं ती म्हातारबासाठी लागते. ती आपल्यासाठी लागते." त्यांनी शिट्टी स्वतःच्या गळ्यात घातली आणि जोरात फुंकली. नुसती हवा निघाली. पुन्हा फुंकली, तेव्हा कुठे वाजली.

"नवी तोंडं आलीत, ऐका! खालची मामांकडे! दुसरी खालची ताईंकडे! आणि वरची..."

इथे गाडी अडली. चारचौघांत बायकोला काय म्हणून हाक मारायची, हा प्रश्न या माणसाला आजवर पडलाच नव्हता. "अगं ए" ची काही आरोळी होत नाही. त्यांनी छताकडे पाहिलं, कान लाल झाले, आणि मग सगळं बळ एकवटून ते ओरडले,

"वरची वहिनींकडे!"

मामा इतके हसले, की त्यांना स्वतःची कवळी हाताने धरावी लागली. चौथ्या खुर्चीवरून उत्तर आलं, "घेतली!" आणि निळ्या वायरीच्या टोकाला एक नवा जबडा उघडला.