नियमाची जुनी प्रत

आग लागली तेव्हा कीर्ती पनवेलच्या ऑफिसात जेवायला बसली होती. मंगळवारची दुपार. न्हावा शेव्याच्या रस्त्यावरच्या कंटेनर यार्डातून फोन आला. वरच्या कंटेनरमधलं थिनरचं पिंप गळलं होतं, खालच्या कंटेनरमध्ये पोहण्याचा तलाव साफ करायची पावडर होती, आणि दोन्हींची गाठ पडली होती. यार्डाचा सुपरवायझर कुंदन क्रेनवाल्याला खाली उतरवायला धावला. क्रेनवाला सुखरूप सुटला. कुंदनचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

कीर्तीने डबा बाजूला सारला. हे दोन माल एकमेकांजवळ ठेवायचे नाहीत, हा नियम तिने स्वतः लिहिला होता. कुठला कंटेनर यार्डात कुठे ठेवायचा हे सांगणारं सॉफ्टवेअर तिची कंपनी करायची आणि त्या कामाची ती प्रमुख होती.

दोन वर्षांपूर्वी असे सगळे नियम डेटाबेसच्या आत होते. कंपनीतल्या सगळ्यात जुन्या प्रोग्रामरने, कृष्णकांत सरांनी, ते अठरा वर्षांत एकेक करून लिहिले होते. अशा नियमांना स्टोअर्ड प्रोसिजर म्हणत. माहिती जिथे साठते तिथेच नियम बसलेला. नोंद कुठल्याही प्रोग्रामकडून येवो, नियमाला विचारल्याशिवाय ती आत जायची नाही. पण त्यांच्या एका प्रोसिजरच्या ओळी दोन हजारांवर गेल्या होत्या. त्यात हात घालायची हिंमत त्यांच्याशिवाय कोणाला नव्हती. छोटा बदल हवा असला तरी लोक त्यांच्या टेबलाशी रांग लावत, आणि ते आजारी पडले की काम अडून राही.

कीर्तीने सगळे नियम डेटाबेसच्या बाहेर काढून त्यांची एक लायब्ररी, म्हणजे कोडचा वेगळा संच, करायचं ठरवलं. कोणीही वाचावी, तपासावी, आपल्या प्रोग्रामला जोडावी. मीटिंगमध्ये सगळ्यांना ते पटलं. कृष्णकांत सर शेवटी बोलले.

"तुझा कोड माझ्यापेक्षा चांगला आहे, कीर्ती. मनापासून सांगतो. पण तो वापरायचा की नाही, हे वापरणाऱ्याच्या हातात राहील. माझ्या प्रोसिजरला वळसा घालता येत नाही."

"शिस्त असली तर वळसा कोण घालेल, सर?" ती म्हणाली होती.

 त्याच वर्षी मार्चमध्ये सर निवृत्त झाले.

आग विझल्यावर तिने नोंदी उघडल्या आणि तासाभरात सगळा उलगडा झाला. यार्डातले लोक टॅबवर काम करत. टॅबचं ॲप बाहेरच्या एका टीमने केलं होतं. त्यांचा माणूस एकदा खालच्या चहाच्या टपरीवर तिला भेटला होता. "मॅडम, यार्डात नेटवर्क जातं, तुमची लायब्ररी तिथे चालत नाही. नियम आमच्या ॲपमध्ये उतरवून घेऊ का?" तिला मुलीच्या शाळेत पालकसभेला जायचं होतं. "घ्या आता तात्पुरतं," ती म्हणाली, "पुढच्या महिन्यात नीट जोडून घेऊ." तो पुढचा महिना कधी आलाच नाही. पावडरचा नियम चार महिन्यांनी लिहिला गेला आणि फक्त लायब्ररीत गेला. टॅबवर जुनीच प्रत राहिली. त्या जुन्या प्रतीने थिनरसाठी पावडरच्या वरची जागाही सुचवली आणि कुंदनच्या टॅबवर हिरवी खूण आली.

हे सगळं तिने मॅनेजर निनादला त्याच संध्याकाळी सांगितलं. दोन दिवसांनी त्याने तिला केबिनमध्ये बोलावलं. यार्डाच्या चौकशी समितीचा कच्चा अहवाल त्याने तिच्यापुढे सरकवला.

तिने वाचला. 'सुपरवायझरने निवडलेली जागा चुकीची होती.' बस, एवढंच.

"निवडलेली?" तिने विचारलं.

"ॲपने तीन जागा दाखवल्या. त्यातली एक त्याने निवडली. नोंदीत नाव त्याचंच आहे."

"पण तिन्हींवर हिरवी खूण होती, निनाद. त्याला कसं कळणार?"

निनादने चष्मा काढून डोळे चोळले. तो वाईट माणूस नव्हता, थकलेला होता. "हे बघ, त्याच्यावर कारवाई नको असं मी सांगेन. उपचार होतील. पण आपल्या सॉफ्टवेअरचं नाव आलं तर यार्डाचं काम जाईल. चाळीस माणसं आहेत आपल्याकडे. आणि त्या टीमला तू काय म्हणालीस, कुठे लिहिलेलं आहे का?"

"नाही."

"मग राहू दे ना."

ती बाहेर आली. कामोठ्याला घरी जायचं सोडून तिने रिक्षा हॉस्पिटलकडे घ्यायला सांगितली.

कुंदन उशांना टेकून बसला होता. हात पांढऱ्या पट्ट्यांत, छातीशी धरलेले. त्याची बायको भावना त्याला चमच्याने पेज भरवत होती. दोघं मोरा बंदरावरच्या कोळीवाड्यातले. घरची होडी भाऊ चालवायचा आणि सुट्टीच्या दिवशी कुंदनही जाळ्यावर जायचा. कीर्तीने नाव सांगितलं, सॉफ्टवेअर आम्हीच केलंय म्हणाली.

कुंदन घाईघाईने बोलायला लागला. "मॅडम, आमी आमच्या मनानं कंटेनरची पेटी नाय ठेवीत. टॅबवर हिरवा दिसला तरच ठेवतो. साहेब बोलले, तुजी चूक हाय. मी आठवून आठवून बगतो. खरंच हिरवा होता का, का मलाच तसा दिसला?"

"तीन दिवस हेच चाललंय," भावना म्हणाली. "झोपंत पन तेच. हात दुकतान ते नाय सांगत."

कीर्तीने खुर्ची पलंगाजवळ ओढली. या माणसाने दुसऱ्याचा जीव वाचवला होता आणि आता तो स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेत बसला होता.

"हिरवाच होता," ती म्हणाली. "मी नोंद पाहिलीय. तुमची काही चूक नाही, कुंदनभाऊ. चूक माझी आहे."

 भावनाने वाटी खाली ठेवली.  मग भावना तिच्याकडे न बघताच म्हणाली, "हे हितं बोलून काय उपयोग? जिथं लिवतान तिथं बोला."

दुसऱ्या दिवशी कीर्तीने चौकशी समितीसाठी दीड पानाचं निवेदन लिहून निनादकडे दिलं. टपरीवरचं बोलणं, तारीख, आपण काय म्हणालो ते शब्द, जुनी प्रत, हिरवी खूण, सगळं त्यात होतं. निनादने ते वाचलं आणि पुढे पाठवलं. त्याने ते अडवलं नाही, हे ती पुढे नेहमी सांगायची.

अहवालातून कुंदनचं नाव गेलं. त्याला भरपाई मिळाली, नोकरीही टिकली. पण डाव्या हाताची दोन बोटं पुन्हा मिटली नाहीत आणि त्याचं जाळ्यावर जाणं कायमचं सुटलं. कीर्तीचं प्रमुखपद काढून घेतलं. यार्डाने कंपनीचं काम काढून घेतलं नाही, मात्र नियम पुन्हा मोडणार नाही याची लेखी हमी मागितली आणि ते काम तिच्याकडेच आलं.

ती कृष्णकांत सरांकडे गेली. "सर, तुमचं बरोबर होतं," ती म्हणाली.

"अर्धंच," सर म्हणाले. "दोन हजार ओळींचं जंगल करून ठेवलं ते मीच. कोणाला कळेल असं लिहिलं असतं, तर तुला ते बाहेर काढावंसं वाटलं नसतं. काम माझ्यावाचून अडलेलं मलाही आवडायचं, कीर्ती. सगळे माझ्या टेबलाशी यायचे ना."

तीन आठवडे दोघं रोज सकाळी बसले. एकेक नियम घ्यायचा आणि विचारायचं: हा मोडला तर माणूस दगावेल का? उत्तर हो आलं तर तो नियम डेटाबेसच्या आत, छोट्या, वाचता येईल अशा प्रोसिजरमध्ये. आणि त्या प्रोसिजरला वगळून डेटाबेसमध्ये नोंद करायची परवानगी कोणत्याच ॲपला नाही; नेटवर्क गेलं तर ते येईपर्यंत पेटी ठेवायची नाही. जवळची जागा कुठली, क्रेनचा फेरा कसा वाचेल, पावती कशी छापायची, असलं बाकी सगळं लायब्ररीत राहिलं. कारण ते रोज बदलणारं होतं आणि चुकलं तर फार तर वेळ जाणार होता. आत गेलेले नियम सगळे मिळून एकोणीस निघाले. प्रत्येकाच्या माथ्यावर तो का आहे, ते कीर्तीने साध्या मराठीत दोन ओळींत लिहिलं.

गुरुवारी ते सुरू झालं. पहिल्याच दिवशी डेटाबेसने टॅबकडून आलेल्या अकरा नोंदी नाकारल्या. यार्डातून चिडून फोनवर फोन आले: ट्रक खोळंबलेत, काल चालत होतं ते आज का चालत नाही? कीर्तीने एकेक फोन घेतला. पेटीत काय आहे, शेजारच्या पेटीत काय आहे आणि दोन्ही भेटले तर काय होतं, हे तिने अकराही वेळा, आवाज न चढवता, पहिल्यापासून सांगितलं.