चोपन्नावं कुठे गेलं?

टण्ण! कात्री फरशीवर पडली नि मी जीभ चावली. पलीकडच्या खोलीत माझी लेक नीका हलली, पण उठली नाही. बरं झालं. तिची दुपारची झोप हेच माझं ऑफिस.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर पामीरच्या उंदराची गुणसूत्रं पसरली होती. फोटोतून एकेक कापायचं, जोड्या लावायच्या, पुठ्ठ्यावर चिकटवायच्या. पंचवीस जोड्या जमल्या. उरली तीन, एक लांबडं नि दोन आखूड, तिन्ही बिनजोडीची. झाली त्रेपन्न. हवीत चोपन्न.

आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, गेर्मान सावेलिचनी, सकाळीच सुनावलं होतं, "विषम आकडा म्हणजे काचेवर पेशींचा थेंब टाकताना एक उडालं. उद्याही कमी भरलं तर हा विषय शेजारच्या टेबलावरच्या ल्योवाला. तू खुशाल परत बाळंतपणाच्या रजेवर जा."

"नीकाने गिळलं असेल," सासूबाई मोजा रफू करता करता म्हणाल्या. "शीच्या भांड्यात बघितलंस?"

"बघितलं. सकाळची लापशी, बाकी काही नाही."

"मग दुसऱ्या फोटोतलं एक लावून टाक. उंदीर थोडाच येतोय तक्रार करायला!"

खोटं कशाला बोलू, मी दुसरा फोटो ओढला. लांबड्याला शोभेलसं स्थळ बघू लागले. अंगावरचे आडवे पट्टे जुळायला हवेत ना! तर त्याचे वरचे पट्टे थेट एका आखुडासारखे. आणि खालचे दुसऱ्यासारखे. मी दोन्ही आखुडं टोकाला टोक लावून ठेवली. पट्ट्याला पट्टा, हुबेहूब लांबडं!

हरवलं कुणीच नव्हतं. एका पालकाकडून दोन सुटी आली होती, दुसऱ्याकडून तीच दोन चिकटून.

मी तिघांना शेजारी शेजारी डकवलं आणि फोन लावला.

"गेर्मान सावेलिच, त्रेपन्नच आहेत."

"म्हणजे पाडलंस!"

"पाडलं नाही. दोघं एक झालीत. डोकी नका मोजू, हात मोजा: लांबड्याला दोन, आखुडांना एकेक."

पलीकडे पेन्सिल खरखरली. मग, "पुठ्ठा घेऊन ये उद्या. ल्योवाला हात लावू देऊ नकोस."

"बाई गं," सासूबाई म्हणाल्या, "लग्न उंदराच्या पोटात नि वऱ्हाड आमच्या स्वयंपाकघरात."

नीका कधी उठली कळलंच नाही. विस्कटल्या केसांनी मांडीवर चढली. लांबड्यावर बोट ठेवून म्हणाली, "हे चिकटलेत?"

"हो, सोन्या."

"आणि हे सुटे?"

"हो."

"मग ह्याच्या पिल्लाला चिकटलेले मिळणार की सुटे? आई, कोण ठरवतं?"