वस्तऱ्याशेजारचा निळा पंप

मला ओळखलंत ना? दम लागला की माणसं ज्याच्यासाठी खिसे चाचपतात, उशा उलथ्यापालथ्या करतात, घर डोक्यावर घेतात, तोच मी निळा पंप. अंगाने मूठभर. आत औषधाची धातूची डबी, बाहेर निळं प्लास्टिक आणि तोंडावर झाकण. तोंड असूनही मला बोलता येत नाही, लोक नुसतं तोंडाला लावतात. आज मात्र बोलणार आहे, कारण माझी बरीच बदनामी झाली आहे. त्यातली थोडी खरीही आहे.

माझा जन्म कारखान्यातला. तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली, त्यामुळे मला घडवणाऱ्याचा चेहराही मी पाहिलेला नाही. डबी बसली, झाकण लागलं आणि एका घडी घातलेल्या कागदासोबत माझी खोक्यात रवानगी झाली. त्या कागदावर माझे सगळे अवगुण छापलेले होते. छातीत धडधडतं, हात थरथरतात, डोकं दुखतं, कधी पायात गोळे येतात. एवढ्याशा जिवाबद्दल केवढं ते गाऱ्हाणं! मला भीती वाटली, हे वाचून मला कोण घरात घेईल?

ती भीती फुकटच होती. माझ्या मालकाने खोकं उघडलं, मला बाहेर काढलं आणि त्या कागदावर वस्तऱ्याचा फेस पुसून टाकला.

मालकाचं बसथांब्यासमोर दाढी-कटिंगचं दुकान होतं. दोन खुर्च्या, लांबलचक आरसा, कोपऱ्यात बेसिन. त्याला सगळे ‘रेडिओ’ म्हणत, कारण गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की तो सुरू व्हायचा आणि मानेवरचे केस झटकून होईपर्यंत थांबायचा नाही. कुणाची सून रुसली, कुणाची बदली झाली, कुठल्या दुकानातल्या चपला टिकत नाहीत, सगळं त्याच्याकडे कळायचं. लोक म्हणायचे, केस काय कुणीही कापतो, आम्ही बातम्यांना येतो.

मला त्याने शर्टाच्या खिशात ठेवलं, म्हणजे बरोबर हृदयावर. त्यामुळे पुढे जे झालं ते माझ्याइतकं जवळून कुणीच ऐकलं नाही.

दुकानाच्या खणात, जुन्या कंगव्यांच्या मागे, मला माझा तपकिरी भाऊ भेटला. अंगावर धूळ, चेहरा पडलेला. आम्हा दोघांचे स्वभाव वेगळे. मी आवळलेल्या श्वासनळ्या लगेच मोकळ्या करतो, म्हणून मला मान. तो आतली सूज सावकाश उतरवतो. त्याला रोज घ्यायचा असतो, दम लागो न लागो. काम त्याचं आणि शाबासकी माझी, असं आमच्या घराण्यात पहिल्यापासून चालत आलं आहे.

“तू इथे कसा?” मी विचारलं.

“माझ्यामुळे याचा आवाज बसला,” तो म्हणाला. “तोंडात पांढरे चट्टे आले. गिऱ्हाइकं म्हणायला लागली, काय रेडिओ, स्टेशन नीट लागत नाही का? त्याच दिवशी मला इथे टाकलं. डॉक्टरांना विचारलंसुद्धा नाही.”

भाऊ खणात गेल्यावर सगळा भार आम्हा निळ्यांवर आला. माझ्या आधीचे भराभर रिकामे झाले होते. केसांचे बारीक तुकडे, पावडर, स्प्रे यांनी रेडिओला ठसका लागायचा. दाढी करताना वस्तरा गळ्यावर असतो. नेमका तेव्हाच खोकला आला तर? या धास्तीने तो प्रत्येक दाढीआधी, दम नसतानाही, मला तोंडाशी धरून दाबायचा. हात स्थिर राहावा म्हणून मला घ्यायचा आणि माझ्यामुळेच त्याचा हात थरथरायचा! छाती अशी धडधडायची की मी खिशात हलायचो. धडधडीने तो घाबरायचा, घाबरला की श्वास कमी पडल्यासारखा वाटायचा आणि पुन्हा मलाच दाबायचा. मी आतून ओरडत होतो, “अरे बाबा, पुरे!” पण माझं कोण ऐकणार?

त्याच्या भीतीला कारण होतं. त्याचे वडीलही याच दुकानात काम करायचे. शेवटी शेवटी त्यांचाही हात थरथरायचा. एका दुपारी ते स्वतःच्याच खुर्चीत टेकले आणि उठलेच नाहीत. हृदय बंद पडलं. आता आपली पाळी, असं रेडिओने मनाशी धरलं होतं. बायकोला मात्र एका शब्दाने सांगितलं नव्हतं. जगाच्या बातम्या देणारा हा माणूस स्वतःची बातमी दाबून बसला होता.

त्याचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. आजारपणानंतर त्यांचा उजवा हात निकामी झाला होता. काठी टेकत येत आणि खुर्चीत बसून डोळे मिटून मान मागे टाकत. इतका विश्वास! त्या सकाळी रेडिओने मला घेतलं, वस्तरा त्यांच्या हनुवटीखाली टेकवला आणि हात सटकला. फेसात रक्ताची बारीक रेघ उमटली.

रेडिओने घाईघाईने तुरटी लावली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“अरे, एवढं काय?” पोस्टमास्तर म्हणाले. “तिकिटं चिकटवताना माझाही अंगठा घसरायचा.”

“तिकिटाला गळा नसतो, मास्तर,” रेडिओ म्हणाला, आणि मग गप्प झाला. त्या दुकानात एवढी शांतता मी पहिल्यांदाच ऐकली.

दुपारी त्याची बायको डबा घेऊन आली. त्याने तिच्या हातात एक फुगा दिला. “एवढा फुगवून दे.”

“अहो, लहान झालात का?” ती हसत म्हणाली, पण तिने फुगवून दिला. त्याने फुग्याला साबणाचा फेस लावला आणि वस्तरा उघडला. वडिलांनी त्याला याच रीतीने दाढी शिकवली होती. फुगा न फोडता फेस उतरवता आला तरच माणसाच्या गालाला हात लावायचा. वस्तरा टेकला, थरथरला आणि फुगा फटकन फुटला. फेस आरशावर उडाला.

रेडिओ खुर्चीत बसला. “आता वस्तरा ठेवला गं. बाबांसारखंच होणार माझं.”

मग त्याने सगळं सांगितलं. तिने डोळे पुसले, डब्याचं झाकण परत लावलं आणि म्हणाली, “उठा. कुलूप लावा. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जायचं.”

डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, हृदयाच्या ठोक्यांची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, ती नीट पाहिली. “ठोके जलद आहेत, पण मला आज हृदयात दोष दिसत नाही. पंप कसा घेता, दाखवा बरं.”

रेडिओने मला उचललं आणि जिभेवर फुसकन फवारा मारला.

“हे काय? गिऱ्हाइकाच्या केसांवर पाणी मारताय का?” बाईंनी कपाळाला हात लावला. “किती वेळा घेता?”

त्याने सांगितलं तेव्हा मलाच लाजल्यासारखं झालं.

“एवढा घेतलात तर हात थरथरणारच आणि छातीही धडधडणार. आणि हा एवढा लागतो, म्हणजे दमा ताब्यात नाही. तपकिरी का बंद केलात?”

“आवाज गेला, मॅडम. रेडिओ मुका झाला तर गिऱ्हाइकांनी भिंतीशी बोलायचं?”

“घेतल्यावर गुळण्या करत होतात?”

“कसल्या गुळण्या?”

“दाढी झाल्यावर गिऱ्हाइकाला फेसासकट घरी पाठवता?”

“छे छे! असं कसं?”

“मग औषध तोंडात ठेवून तुम्ही कसे बसता?”

बायको खुदकन हसली. खूप दिवसांनी रेडिओही हसला. बाईंनी पंपाला लावायचं एक प्लास्टिकचं नळकांडं दिलं. सावकाश श्वास कसा ओढायचा, मग कसा थोडा धरून ठेवायचा, हे दोनदा करवून घेतलं. मग गंभीरपणे म्हणाल्या, “निळा टाकून द्यायचा नाही. जवळ ठेवायचा, पण खरंच दम लागला तरच घ्यायचा. आणि छातीत दुखलं, चक्कर आली किंवा हा घेऊनही दम थांबला नाही, तर वाट बघायची नाही. तडक इकडे.”

माझा जीव भांड्यात पडला. कुणीतरी माझी बाजूही मांडली होती.

भावाच्या जागी नवा तपकिरी आला आणि त्याला आरशासमोर मानाची जागा मिळाली. रेडिओ आता केस कापताना तोंडाला मास्क लावतो. मास्कमधूनही बोलणं थांबत नाही ते सोडा. सकाळी बेसिनपाशी तो अशा खळखळून गुळण्या करतो, की बसची वाट बघणारी माणसं वळून पाहतात. गुण यायला वेळ लागला. काही आठवडे त्याने फक्त कात्री चालवली, आणि दाढीची गिऱ्हाइकं हिरमुसून परत जात होती.

परवा पोस्टमास्तर आले. पांढरी दाढी छातीकडे निघाली होती.

“दुसऱ्याकडे गेला नाहीत?” रेडिओने विचारलं.

“माझा उजवा हात इथे आहे, मी दुसरीकडे जाऊन काय करू?”

रेडिओचे डोळे भरून आले. त्याने खणातून फुगा काढला. या वेळी बायकोला हाक मारली नाही. स्वतःच फुगवला, एका दमात, टम्म होईपर्यंत. फेस लावला, वस्तरा फिरवला. फुगा स्वच्छ निघाला. मग त्याने कात्रीने दाढी उतरवली, गालांना फेस लावला. पोस्टमास्तरांनी डोळे मिटले आणि मान मागे टाकली.

मी अजून त्याच खिशात आहे. पोटात औषध शिल्लक आहे, पण दिवसेंदिवस कुणी झाकण उघडत नाही, आणि याचा मला कोण आनंद! तुमच्या खिशात माझा एखादा भाऊ असेल तर त्याला टाकू नका, पण त्याच्या जिवावरही राहू नका. त्याच्यामुळे छाती धडधडली तर मनात ठेवू नका, डॉक्टरांना सांगा. आणि तपकिरी भावाला कंगव्यांच्या मागे ढकलू नका, एवढंच मागणं.

त्या दिवशी वस्तरा गळ्यावर होता तेव्हा मी कान देऊन ऐकत होतो. खिशामागे ठोके शांत, एका लयीत पडत होते. आणि वर रेडिओ सांगत होता, “तर मास्तर, त्या चपलांच्या दुकानाचं काय झालं माहितीये का...”