दोन बोटं ताण

लाईनमन तेजराम आमच्या घरामागच्या वाडीत उभा राहून वर पाहत म्हणाला, “काकू, सोमवारी येतो. दांडा तारेपासून चार हात दूर दिसला तं ठीक, नाही तं कापून टाकीन.” त्या दिवसापासून माझ्या जिवाला चैन नाही.

दांडा घायपाताचा. अठरा वर्षांपूर्वी आमच्या ह्यांनी, नंदलालजींनी, नाकाडोंगरीहून वीतभर रोप आणून लावलं. वाढत वाढत ते माझ्या छातीला आलं. चहूबाजूंनी जाडजूड पानांचा पसारा आणि प्रत्येक पानाच्या टोकाला दाभणासारखा काटा. त्या काट्यांनी माझी तीन लुगडी फाडली, मी त्याला पोटभर शिव्या दिल्या. पण घायपाताचं झाड आयुष्यात एकदाच फुलतं आणि फुललं की वाळून जातं. या उन्हाळ्यात त्याच्या मधोमध दांडा निघाला आणि रोज वीतभर चढत थेट विजेच्या तारेकडे निघाला. अठरा वर्षं वाट पाहिलेलं फूल, तेही एकदाच यायचं. ते कापू द्यायचं?

ह्यांनी तोड काढली. दांड्याला जुन्या धोतराची पट्टी गुंडाळून तिला दोरी बांधली. रोज सकाळी दोरी दोन बोटं ओढायची आणि खुंट्याला बांधायची, म्हणजे दांडा हळूहळू तारेपासून बाजूला झुकेल. फक्त दोन बोटं! सारा जन्म हातमागावर गेलेला माणूस. “ताण हळूच द्या लागते. एकदम ओढलं का तुटलंच,” म्हणायचे आणि निवांत चहा प्यायचे. मी मात्र दिवसातून दहा वेळा मागच्या दारी. दर वेळी अंतर कमीच वाटायचं.

रविवारी ते आसगावला लग्नाला गेले. सकाळची दोन बोटं ओढून, “गीता, तू हात नको लावू,” असं बजावून गेले. दुपारी मला काही सुचेना. दांडा तारेपासून तीनच हात दिसत होता आणि उद्या सोमवार. शेवटी गेले, दोरी सोडली आणि चांगली वीतभर ओढून बांधली. मागे सरून पाहिलं, तर चार हात भरले! इतकी खूश झाले की काय सांगू. घरात येऊन तांदूळ निवडायला सूप हातात घेतलं आणि मागे कडकन आवाज झाला.

संध्याकाळपर्यंत मी आत-बाहेर करत राहिले. थोडा वारा होताच. वाऱ्याने मोडला असं सांगायचं, ठरवूनच टाकलं.

ते आले आणि आडव्या दांड्याजवळ उकिडवे बसले. कळ्या धरल्या होत्या, त्यांच्यावरून हात फिरवला. मग खुंट्याची गाठ सोडू लागले. त्यांची गाठ एका झटक्यात सुटते. ही गाठ माझी, ढोरं बांधायची. नखांनी सोडवावी लागली. माझ्याकडे न पाहता म्हणाले, “वारा लय होता वाटते आज.”

हो म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं. पण माझ्याने राहवेना.

“वारा नाही जी. मीच ओढलं.”

“मले दिसत नाही का?” ते उठत म्हणाले. “पण सांगितलं काहून? वाऱ्यावर राग धरला असता तं आज जेवलो तरी असतो.”

आणि बाहेर निघून गेले. भात झाकलेलाच राहिला.