राजाला शिरस्त्राण कुणी घालायचं?

रविवारची तालीम म्हणजे जर्मनीतल्या रेगेन्सबर्गच्या मराठी मंडळात अर्धं नाटक आणि अर्धी साबुदाण्याची खिचडी. चर्चच्या भाड्याच्या हॉलमध्ये पुठ्ठ्याच्या ढाली वाळत पडल्या होत्या. स्वरूपाने लिहिलेलं स्पार्टाच्या राजाराणीचं नाटक पाडव्याला व्हायचं होतं, आणि राणी तीच करणार होती. दिवसभर मोटारींच्या ब्रेकची चाचणी घेणारी ही बाई रोज घरी आली की ग्रीकांच्या लढाया वाचत बसे. नवरा, सत्यजित, अचानक गेला तेव्हा त्या वाचनानेच तिला सावरलं होतं.

"स्वरूपा, जरा इकडे ये गं." चारुलताताईंनी तिला बाजूला घेतलं. त्या मंडळाच्या अध्यक्ष, आणि राजा झालेल्या पद्माकररावांच्या पत्नी. "राग मानू नकोस हं. राणी राजाला शिरस्त्राण घालून लढाईला पाठवते ना, ते सवाष्णीच्या हातून झालेलं बरं. यांची आत्ताच अँजिओप्लास्टी झालीय. राणी मी करते. तू विंगेतून प्रॉम्प्टिंग कर."

"पुठ्ठ्याचं आहे ते, ताई."

"अगं, कळतं मला. पण जीव घाबरतो ना!"

आजूबाजूला सगळे शिकले-सवरलेले. कुणी म्युनिकला संशोधन करतो, कुणी सॉफ्टवेअरच्या टीम चालवतो. एकाच्याही तोंडून ब्र निघाला नाही! सेक्रेटरी कपिलने तर ढाल रंगवण्यात डोकंच खुपसलं. स्वरूपाच्या मुलीने, अन्वीने, मात्र आईची बाही ओढून विचारलं, "वारूम, आई? का म्हणून?"

स्वरूपा हसली. "चालेल, ताई," म्हणाली. ते हसू पाहून चारुलताताई निर्धास्त झाल्या आणि तिथेच फसल्या.

मूळ नाटकात राजा जिंकून परत यायचा. घरी येताच स्वरूपाने लॅपटॉप उघडला आणि राजाला ठार मारलं. चांगला भाला छातीत घालून मारलं! इतकं बरं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. राणीला मात्र तिने रडवलं नाही. रणात पडलेल्यांच्या घरच्या स्पार्टन बायका मान ताठ ठेवून चारचौघांत वावरल्या, असं तिने वाचलं होतं. तिची राणीही तशीच दरबारात येऊन बसली. "दुसरा अंक अजून सुधारतेय हो," असं सांगत स्वरूपाने तो प्रयोग तोंडावर येईपर्यंत दाबून ठेवला.

वाचताच चारुलताताईंचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं बाई! मी यांची विधवा? स्टेजवर? बदल आधी हे!"

"एक अक्षर बदलणार नाही."

"मग असं करू. पहिला अंक मी करते. नवरा मेल्यावर तू ये."

स्वरूपाची कानशिलं तापली.

"वा! म्हणजे मिरवायला तुम्ही, आणि कुंकू पुसल्यावर मी? राणी एकच आहे, ताई. करीन तर पूर्ण करीन, नाहीतर नाटक परत घेईन. ड्युसेलडॉर्फच्या मंडळाचे पाहुणे येतायत ना? त्यांना स्टेजवरून कारण तुम्ही सांगा. मी सांगितलं तर नावं घेऊन सांगेन."

"कपिल, तू तरी सांग ना हिला!"

कपिलने पुन्हा ढाल रंगवायला घेतली. पद्माकरराव चिलखताचा पट्टा सोडत पुटपुटले, "करू दे गं तिला. मला काही होत नाही."

पाडव्याला हॉल गच्च भरला. स्वरूपाने शिरस्त्राण उचललं आणि विंगेतल्या चारुलताताईंकडे बघत, मुद्दाम सावकाश, राजाच्या डोक्यावर घातलं. त्यांनी डोळे गच्च मिटले. सूड गोड लागतो हो, आणि तिला तो मनापासून गोड लागला! दुसऱ्या अंकानंतर लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

पडदा पडल्यावर ती मेकअपच्या खोलीत गेली. चारुलताताई पद्माकररावांवरून मीठ-मोहऱ्या उतरवत होत्या. मघाशी टाळ्या वाजवणाऱ्या बायका भोवती उभ्या होत्या. एकीनेही त्यांना थांबवलं नव्हतं.

अन्वी आईच्या तोंडाकडे बघत होती.

"उतरवा, ताई, नीट उतरवा," स्वरूपा म्हणाली. "पण एक सांगून ठेवते. चैत्राच्या हळदीकुंकवाला मी येणार आहे, बोलावणं असो नसो. मला कुंकू लागलं पाहिजे आणि मी तुम्हाला लावणार. दारात जिला अडवायचं असेल, तिने आत्ता माझ्या मुलीसमोर सांगावं."

नको म्हणायची कुणाची छाती झाली नाही. पण 'ये' असंही एकीने म्हटलं नाही. तुम्ही त्या खोलीत असतात, तर काय म्हणाला असतात?